ड्रायव्हरसाहेबांचा ठिपका

२ नोव्हेंबर, रविवार

तेलीबांध्याच्या तलावाची पहिली चक्कर होत नाही तोच कानात नवऱ्याचा फोन. "शीला, वळणावर स्पीड काहून पडला?" लोक काठावर फोटो काढून राहिले, चहा पिऊन राहिले, अन् मी धापा टाकत जबाब देऊन राहिली. म्हटलं, लेस सुटली होती. म्हणते, "मग पहिले सांगायचं नं." सुटायच्या पहिले कसं सांगू बाप्पा!

इंजिनवरून उतरवून वर्ष होत आलं, तरी घरात अजून ड्रायव्हरसाहेबच आहे आमचे, डायरीपुरते ड्रा.सा. कोळशाची मालगाडी चालवायचे. दोन स्टेंट पडले अन् रेल्वेनं लॉबीतली खुर्ची दिली. ड्यूटीवर येणाऱ्या ड्रायव्हर लोकांकडून मशीनमध्ये फुंक मारून घ्यायची, कोणी पिऊन त नाही आला, एवढंच काम. डॉक्टरनं पळणं बंद केलं. मग स्वतःचं जीपीएस घड्याळ काढलं अन् माझ्या हातात बांधलं. आता मी पळते अन् ड्रा.सा. डायनिंग टेबलावर बसून फोनमधला माझा ठिपका चालवते.

डिसेंबरात नवा रायपूरले हाफ मॅरेथॉन आहे. नाव पण त्यायनंच टाकलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

ओपीडीत आज जत्रा. दुपारपर्यंत रक्तच काढून राहिली. एका म्हाताऱ्या बाईची शीर कोणालेच सापडेना. नवीन पोरीनं लाइट लावून पाहिलं, रबर आवळून पाहिलं. मी डोळे दुसरीकडे केले, बोटानं चाचपलं, लागली. बाई म्हणे, "बने करे बेटी." म्हणजे, चांगलं केलं.

घरी आली त जेवायच्या पहिले ग्राफ. सकाळचा. इथं स्पीड पडला, इथं ठोके वाढले, काहून? रेल्वेत गाडीनं मिनिट खाल्ला की ड्रायव्हरले उत्तर द्या लागते. ते उत्तर आता मी देते. म्हटलं, पायात गोळा आला असेल. "असेल म्हणजे? आला का नाही?"

मले आठवत नाही. खरंच आठवत नाही. थकली मी.

९ नोव्हेंबर, रविवार

कॉशन ऐकल्याशिवाय गेटबाहेर पडता येत नाही. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरले कॉशन मिळते: पुढं कुठं रूळ कच्चा, कुठं हळू जायचं. मले दारात तोंडी मिळते. आजचं: ओव्हरब्रिजवर सावकाश, ठोके वाढू द्यायचे नाही, तलावाले दुसऱ्या चकरीत उचलायचं. मग हात आडवा करून हलवते. म्हणजे सब ठीक. स्टेशनातून न थांबता गाडी जाते तेव्हा असंच करते म्हणे, फलाटावरचा माणूस पण अन् इंजिनमधला पण. मी पण हलवते. लग्नापासूनची सवय.

आज पाय असे हलके होते की काय सांगू. पण पुलावर घड्याळ किंचाळलं, हळू कर, हळू कर. केलं. मग ते हलकेपण गेलं ते गेलंच. खुशबूनं विचारलं, "क्या हुआ दीदी, तबियत?" ती बाजूच्या कॉलनीतली, बँकेत आहे, कोपऱ्यावर भेटते अन् सोबत पळते. काय सांगू तिले? माझे पाय मले काही विचारतच नाही आता. घड्याळाले विचारते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिहायची इच्छा नाही पण लिहिते.

सकाळी घड्याळ चार्ज नव्हतं, लाइट गेल्ती. ड्रा.सा. झोपेल होते. तशीच गेली. फोन पण नेला नाही. खुशबू आली नाही. एकटीच.

वाटेत आपोआप त्रिशरण सुरू झालं तोंडातल्या तोंडात, बुद्धं सरणं गच्छामि. आई पीठ मळताना म्हणायची, तिची चाल. सगळं एका श्वासात झालं की समजायचं आरामात चालली. मधात तुटलं की जास्त झालं. पुलावर तुटलं, हळू केलं. उतारावर जुळलं, सोडून दिलं पायांले. किती पळली, काय स्पीड, काही माहीत नाही. तलावावर थंड वारा होता. किती दिवसांनी मले वारा लागला!

घरी आली त ड्रा.सा. पायरीवर. एका पायात चप्पल. स्कूटरची चावी हातात, तोंड पांढरंफटक. तलावापर्यंत जाऊन आले होते शोधायले, मी गल्लीतून आली त चुकामूक. बीपीची गोळी घ्यायची पण राहिली होती.

"ठिपकाच नाही! मी आंधळा झालो होतो शीला."

मले वाईट वाटायले पाहिजे होतं. राग आला. म्हटलं, मी मेली नाही, पळायले गेल्ती. त्रिशरण म्हणत पळते, तुटलं की हळू होते, मले समजते माझं. ते हसले, वाईट हसले. "असं कुठं गाडी चालते का?"

अन् मी बोलून गेली. "त्या दिवशी तुमच्या हातातच होतं नं हे घड्याळ? पळून आले, सगळं बढिया दाखवलं, अन् चहा पितापिता पडले. काय सांगतलं यानं?"

चावी खुंटीवर अडकवली, आत गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अबोला. डबा नेला, कोणती भाजी विचारलं नाही. सकाळी घड्याळ बांधून गेली मी चुपचाप. कॉशन नाही. हात नाही.

मितालीचा फोन बंगलोरहून. बापानं सांगतलं असंल. मी मराठीत विचारते, पोट्टी हिंदीत जवाब देते. "मम्मी, पापा के पास अब और है ही क्या? पहन लिया करो ना, प्लीज़." घड्याळ तिनंच घेतलं होतं बापासाठी, पहिल्या नोकरीत.

बरोबर आहे तिचं. दुधानं तोंड पोळलं त माणूस ताक पण फुंकून पिते. पण ताक म्हणजे मी आहे नं. मले फुंकून फुंकून थंड करून टाकलं या लोकांनी.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोपऱ्यावर बसून रडली आज. खरंच. खुशबूसमोर. लाज पण नाही वाटली.

तिनं सगळं ऐकलं अन् म्हणे, "लाओ, मुझे पहनाओ. घड़ी भी, पट्टा भी. अंकल को डॉट चाहिए ना? डॉट मिल जाएगा." मी म्हटलं, पागल आहेस का. पण तिची अन् माझी चाल जवळजवळ सारखीच. पाच मिनिटं झाली, बांधून दिलं. फोनवाला कमरेचा पट्टा पण.

ती पुढं, मी मागं. रिकाम्या मनगटाले थंडी वाजत होती.

परत कोपऱ्यावर बांधून घेतलं अन् घरी. ड्रा.सा. नी ग्राफ पाहिला, बराच वेळ पाहिला. मग म्हणले, "बढिया." अबोला सुटला. तांदळाच्या पिठाचा चीला केला होता त्यायनं, टमाटरची चटणी. मी दोन खाल्ले. तिसरा नाही उतरला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पण तसंच. चोराच्या मनात चांदणं म्हणते ते काही खोटं नाही. घरात शिरल्याबरोबर मीच सांगून राहिली, पूल कसा चढली, वळण कसं घेतलं. कोणी विचारलं होतं?

पळताना मात्र...

पळताना माझी असते मी. कान, पाय, श्वास. कुठं डांबर उखडेल, कुठं चढ, कुठं पाय स्वतःच म्हणते, चल. हे सोडवत नाही आता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मधात फोन येणं बंद झालं. एकदम बंद. आधी स्पीड जरा पडला की "काहून". आता खुशबू लेस बांधायले थांबली तरी काही नाही. विश्वास बसला म्हणायचं. विश्वासच त फसवून राहिली मी.

ड्रा.सा. आजकाल मी यायच्या पहिलेच आंघोळ करून बसते. सुधारले! नाही त दहा वेळा म्हणा लागायचं, पाणी थंड होते, जा. जुने बूट पण बाल्कनीत उन्हात ठेवेल दिसले. म्हणते, वास येत होता, कोणाले देऊन टाकतो.

३० नोव्हेंबर, रविवार

लांब पळणं झालं. गुडघा बोलून राहिला थोडा, बोलू दे.

जेवताना ड्रा.सा. सहज म्हणले, "ओव्हरब्रिजवर मधात दम घ्यायचीस तू. आता घेत नाहीस?"

वरण ओतता ओतता हात थांबला माझा. म्हटलं, ताकद आली.

"हव," म्हणले. अन् लोणचं मागितलं.

खुशबू नाही घेत पुलावर दम. मी आजही घेतला.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलो दोघंही. पांढरी साडी, त्यायचा पांढरा शर्ट, मीच इस्त्री केली. गर्दी होती, आमच्या कॉलनीतले जुने लोक, नागपूर-गोंदियाहून आलेले, सगळे म्हातारे दिसून राहिले. आपण पण दिसत असू.

वंदनेले बसलो. ड्रा.सा. नी त्रिशरण एका श्वासात म्हटलं. पूर्ण. लोकांच्या पुढं जाऊन. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं, असं की परीक्षेत पास झालेलं पोट्टं आईकडं पाहते. मले समजलं नाही काय ते. वाटलं, टोमणा मारला, माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यावर.

काल मी सांगून टाकायचं ठरवलं होतं. नाही सांगतलं. रेस होऊ दे, मग.

१३ डिसेंबर, शनिवार

पंडरीच्या बाजारातून मोजे आणले. नंबर शर्टावर टाचून ठेवला. खुशबू पण पळणार आहे. तिचा फोन, "दीदी, कल भी वही प्लान?" म्हटलं, हो. शेवटचं.

ड्रा.सा. ले म्हटलं, चला नं सोबत, आयोजकांची बस आहे. म्हणे नको, एवढ्या थंडीत डॉक्टर ओरडंल, घरून पाहतो. मले हलकं वाटलं. हलकं वाटलं याचं वाईट पण वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार

बूट न काढताच लिहायले बसली.

पहाटे दारात उभी राहिली कॉशन ऐकायले. ड्रा.सा. म्हणले, "निल कॉशन." म्हणजे पुढं काहीच नाही, रस्ता पूर्ण मोकळा. नोकरीत असं क्वचित मिळायचं, मिळालं की घरी येऊन सांगायचे. हात आडवा हलवला. मी पण हलवला. डोळे भरून आले होते, अंधारात दिसले नसतील.

सुरुवातीलेच घड्याळ अन् पट्टा खुशबूले दिला. नवा रायपूरचे रस्ते म्हणजे, ओस. रुंद, सरळ, बाजूले माणूस नाही. पहिले पाय जड. मग जुळलं. त्रिशरण जुळलं. बाजूच्या लोकांचे घड्याळं टीं टीं करून राहिले अन् मी माझ्या चालीत. खुशबू पुढं निघून गेली, जाऊ दिली. अर्धं झालं तेव्हा समजलं की आज मी चांगली पळून राहिली. कोणी सांगतलं नाही. मले समजलं.

त्याच्या पुढं डिव्हायडरवर खुशबू बसेल. पायाची पिंडरी धरून. चेहरा वाकडा. पाय ताणून दिला तिचा, पाणी दिलं. विचारलं, कधीची बसली? म्हणे, खूप वेळ झाला दीदी.

म्हटलं, आमच्या साहेबांचा फोन आला असंल नं? घाबरले असतील, काय सांगतलं तू?

"अंकल का फोन नहीं आया."

खूप वेळ ठिपका हलला नाही अन् त्यायचा फोन नाही? लेस सुटली की फोन करणारा माणूस?

पट्ट्यातून फोन काढला. लावला. वाजला, वाजला, बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. डोळ्यासमोर डायनिंग टेबल, चहाचा कप, अन् खुर्चीच्या बाजूले...

आसपास गाडी नाही, ऑटो नाही. लवकर पोचायचं त पुढंच. खुशबू म्हणे, "दीदी घड़ी?" मी ऐकलं नाही. फोन हातात धरून पळाली. त्याच्या पुढं मले चाल नव्हती, श्वास नव्हता, काही नव्हतं. दर थोड्या वेळानं फोन लावत होती. पोटातून एकच निघून राहिलं: मीच मारलं, मीच मारलं.

शेवटच्या मोठ्या चौकात, सिग्नलच्या खांबाजवळ, आमची स्कूटर.

बाजूले ड्रा.सा. उभे. डोक्याले मफलर. हातात फोन नाही, रस्त्याकडं पाहून राहिले. मले पाहिलं अन् हात आडवा केला, हलवला. सब ठीक.

मी हात नाही हलवला. ओरडली. "फोन काहून नाही उचलला?"

"डिक्कीत आहे," म्हणले. अन् माझ्या बाजूनं पळायले लागले.

ते जुने बूट घालून. सावकाश. पण पळत. मी थांबली, "थांबा! थांबा म्हणते नं!" त म्हणे, "तू थांबू नको, टाइम जाते तुझा." मी पळाली, ते पळाले. लोक टाळ्या वाजवून राहिले, त्यायले काय माहीत. अन् हा माणूस बाजूले त्रिशरण म्हणून राहिला, ऐकू येईल असं. पूर्ण म्हटलं. तुटलं नाही. मी सोबत म्हणायले गेली, माझं पहिल्याच ओळीत तुटलं.

पुढच्या खांबापर्यंत आले. मग थांबले, कमरेवर हात ठेवून. "जा. मी स्कूटर घेऊन येतो."

टाइम किती झाला विचारू नका. मेडल आहे. स्वयंपाकघरात पडेल आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. पाय दगड. बोलणं झालं सगळं.

त्यायले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पहिल्याच! "ओव्हरब्रिजच्या मधात तू दम घेते. ती पोट्टी सरळ चढून गेली. मले काय, स्पीडचा कागद पाहून कोणता ड्रायव्हर गाडी चालवत होता ते समजायचं. बायको नाही समजणार?"

मांजर डोळे मिटून दूध पिते, तशी महिनाभर पीत होती मी.

म्हटलं, मग बोलले काहून नाही?

म्हणे, "बोललो असतो त पुन्हा घड्याळ घालून पळाली असतीस. चिडत चिडत." मग म्हणे, "त्या दिवशी तू खरं बोलली होतीस. माझ्या हातात होतं, अन् त्यानं काहीच नाही सांगतलं. पण मले छातीत जाणवलं होतं शीला, पळतानाच. मी घड्याळाकडं पाहिलं. ते म्हणे ठीक आहे. मी म्हटलं, ठीक आहे."

वर्षभरात हे कधी नाही सांगतलं.

मग तिसऱ्या दिवसापासून स्वतःच निघाले. मी गेली की मागच्या रेल्वे ग्राउंडवर. पहिले चालणं. मग थोडं पळणं, थोडं चालणं. घड्याळ नाही, फोन नाही. त्रिशरण म्हणत. तुटलं की चालायचं. मी यायच्या पहिले घरी, आंघोळ.

बूट कोणाले द्यायचे होते म्हणे!

मी रडली, शिव्या दिल्या. फसवलं तुम्ही मले. ते म्हणे, "हव. अन् तू?"

१८ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरकडं नेलं ओढत. लय ओरडले त्यायले. ईसीजी ठीक. बाकीची तपासणी जानेवारीत, ट्रेडमिलवर पळवून पाहणार. तोवर चाला, म्हणे. पळू नका. स्कूटरवर मागं बसून मी विचारलं, ऐकणार नं? हेल्मेटमधून काही तरी बोलले. ऐकू नाही आलं, का ऐकू नाही येऊ दिलं.

खुशबूनं घड्याळ आणून दिलं. चार्ज करून ठेवलं मी.

२१ डिसेंबर, रविवार

मी आज गेली नाही. गुडघा सुजेल आहे.

सहा वाजता ड्रा.सा. बूट बांधून दारात. "चालून येतो." चालायले एवढी घट्ट लेस लागते का? विचारलं नाही.

घड्याळ माझ्या हातात होतं. पुढं केलं. म्हटलं, घालून जा.

त्यायनं घेतलं नाही. घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुले पाह्यचं असंल त घालतो. खरंच घालतो. सांग."

चिडून म्हणले असते त बांधून दिलं असतं. चिडले नाही. मनगट पुढं करून उभे राहिले, माझ्या ओपीडीतल्या पेशंटसारखे.

मी म्हटलं, जा. निल कॉशन.

गेटवरून हात आडवा हलवला. मी पण हलवला.

मितालीचा फोन आला. "पापा कहाँ हैं?" म्हटलं, बाहेर गेले. "वॉक पे? घड़ी पहनी है ना?" नाही. "फोन?" टेबलावर आहे. मग किती वर्षांनी मराठीत बोलली पोट्टी, लहानपणी बोलायची तशी. "अन् तू जाऊ दिलं?"

हव, जाऊ दिलं.

घड्याळ समोर पडलं आहे. ऊन ओट्यापर्यंत आलं. एवढा वेळ नाही लागत ग्राउंडची चक्कर मारायले. का लागते? मी कधी पाहिलंच नाही त्यायले किती वेळ लागते.

बसल्या बसल्या त्रिशरण म्हणून पाहिलं. दुसऱ्या ओळीत तुटलं.

गेट वाजलं. दूधवाला.